रांगेत राहिलेला जॅक

लेस टीडमनला हलक्या वस्तूंचा मनापासून राग होता. हलकी खुर्ची, हलकी शिडी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हलका हातोडा. गुंडारा गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात तो नवा हातोडा उचलायचा, हातात दोनदा तोलायचा आणि परत खुंटीला अडकवताना दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "हे खेळण्यांच्या कपाटात ठेवा, पोरं खूश होतील."

त्याचं शास्त्र साधं होतं. काम करतं ते वजन, माणसानं त्याला फक्त वाट दाखवायची. हे शास्त्र त्यानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तो गस मेटलरच्या हाताखाली लागला आणि पुढची चाळीसेक वर्षं या डाउन्सच्या पठारावरची लाकडी घरं उचलत फिरला. इथली जुनी घरं लाकडाच्या खुंटांवर उभी असतात. खुंट वाळवी खाते, नाहीतर काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मग घर एका अंगाला कलतं, दारं लागेनाशी होतात आणि टेबलावरचा वाटाणा आपला आपण भिंतीकडे चालायला लागतो. तेव्हा लेसला बोलवायचे. तो जॅक लावून घर उचलायचा, जुना खुंट काढून नवा बसवायचा आणि घर परत खाली टेकवायचा. अर्ध्या तालुक्याची घरं आपल्या हातून जमिनीवरून उठली आहेत, असं तो सांगायचा. त्यात थोडी भर असेल, पण फार नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं काम सोडलं. अवजारं मात्र सोडली नाहीत, उलट वाढवली. घरामागच्या शेडमध्ये घण होते, पाचरी होत्या, रुंद पात्याच्या कुऱ्हाडी, वाकस, दोघांनी मिळून ओढायच्या करवती, आणि लोखंड आवळून धरायचा एक व्हाइस असा, की तो आणताना पिकअपचा मागचा टायर बसला होता. कुठलंही जुनं अवजार हातात आलं, की लेस आधी त्याचा दांडा चाचपायचा. कुण्या अनोळखी माणसाच्या तळव्यानं झिजवलेली जागा सापडली, की आपला तळवा तिथं ठेवून बघायचा. ते त्याला फार आवडायचं. का आवडतं, असं कुणी विचारलं तर मात्र तो लोखंडाच्या प्रतीबद्दल बोलायला लागायचा.

"याला दुसरी बाई असती तर परवडलं असतं," त्याची बायको नोरीन शेजारणींना सांगायची. "ती निदान स्वतःच्या पायांनी घरात आली असती. ही लोखंडाची धुडं मला उचलायला लागतात."

या सगळ्या गोतावळ्यात त्याचा खरा जीव होता तो गसच्या जॅकवर. बुडाला रुंद, वर निमुळता, ओतीव लोखंडाचा, आणि मधून वर येणारा मनगटाहून जाड स्क्रू. डोक्याला भोकं होती. त्यात पहार घालून फिरवली, की तो केसभर, केसभर वर चढायचा. गस थकला तेव्हा त्यानं तो लेसला दिला होता. शेडमध्ये त्याची जागा मधल्या फळीवर होती, तेल लावून, गोणपाटाखाली.

आणि हाच जॅक लेसनं ऑल्गा क्रिन्केच्या लिलावात गमावला.

आमच्याकडे शेत विकलं, की घरातलं, गोठ्यातलं, शेडमधलं सगळं सामान माळावर ओळीनं मांडतात आणि लिलाववाला त्या रांगेतून चालत एकेक वस्तू पुकारत जातो. नवरा गेल्यावर ऑल्गानं शेत विकायला काढलं आणि ती तुवूम्बाला बहिणीकडे राहायला निघाली. आदल्या दिवशी सामान मांडायला शेजारपाजारचे सगळे आले होते, आणि लेस तर आमंत्रणाचीही वाट न बघता आला. क्रिन्केंची जुनी कडबाकुट्टी गोठ्यामागं रुतून बसली होती. ती ट्रॅक्टरनं ओढून रांगेत आणली खरी, पण वाटेत तिचं एक चाक निखळलं. लेसनं पिकअपमधून जॅक काढला, कडबाकुट्टीची ती बाजू उचलली आणि म्हणाला, "आता एक ओंडका आणतो, तो खाली सारतो, की झालं."

तेवढ्यात ऑल्गानं ॲपल केक बाहेर आणला. ऑल्गाचा ॲपल केक म्हणजे आमच्या भागात माणसाची शुद्ध हरपावी असली चीज. लेसनं दोन तुकडे खाल्ले, तिसरा नोरीनसाठी म्हणून कागदात बांधून घेतला आणि घरी गेला. ओंडका आणायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी जुलैचा, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्याचा, बोचरा पश्चिमेचा वारा सुटला होता. लेस चहाच्या तंबूत उभा होता. एका हातात कप, दुसऱ्या हातात भोपळ्याचा बनपावासारखा स्कोन, आणि समोर चार-पाच नवखी मंडळी. त्यांना तो स्टॅन बर्जेसच्या ढकलगाडीची गोष्ट सांगत होता.

ती गोष्ट अशी. वीसेक वर्षांपूर्वी असल्याच एका लिलावात स्टॅननं आपली ढकलगाडी सोबत आणली होती, घेतलेलं सामान न्यायला म्हणून. ती त्यानं रांगेत टेकवली आणि गप्पा मारायला गेला. लिलाववाल्यानं ती आतल्या सामानासकट पुकारली. स्टॅन मागून आला, ढकलगाडी बघून म्हणाला, चांगली दिसते, आणि स्वतःच बोली लावली. मूळ गोष्ट इथंच संपते. लेसच्या गोष्टीत मात्र स्टॅन ती हरतो, मग जिंकणाऱ्याचं अभिनंदन करतो, आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, की आपल्यासारखीच हुबेहूब ढकलगाडी आज एकानं नेली.

"आणि लिलावाचा नियम काय?" लेस हसत म्हणाला. "जे रांगेत उभं, ते विकलं गेलं. मग ते कुणाचं का असेना."

तेवढ्यात खुद्द स्टॅन तंबूत शिरला. बारीक, वाकलेला, टोपी कानांवर ओढलेली. चेहरा इतका गंभीर, की लेसला वाटलं कुणी तरी गेलं.

"लेस, त्या कडबाकुट्टीखाली जॅक कुणाचा होता रे?"

लेसचा स्कोन तोंडापाशी थांबला.

"नाही, म्हणजे सहज विचारतोय," स्टॅन म्हणाला. "आत्ताच गेली ती. केव्ह मुलालीनं पुकारली, जशी आहे तशी, जिथं आहे तिथं, खालच्या जॅकसकट. भंगारवाला शेवटपर्यंत बोली चढवत होता. पण त्या कॅफेवाल्या ब्रायनी स्टॅकनं घेतली."

आता खरं तर सोपं होतं. केव्ह मुलाली भला लिलाववाला. लेस तसाच चालत गेला असता, "गड्या, तो माझा आहे, चुकून राहिला," म्हणाला असता, तर केव्हनं जॅक तिथल्या तिथं परत दिला असता. पण केव्हच्या हातात माईक होता, आणि तो माईकवर सगळं बोलायचा. अख्खा माळ हसला असता. शिवाय समोर स्टॅन उभा होता, वीस वर्षं वाट बघत असल्यासारखा.

"माझाच होता," लेस म्हणाला. "विकायलाच ठेवला होता. ऑल्गाला तेवढाच हातभार."

"गसचा जॅक? विकायला?"

"मग? घरी किती जॅक पडलेत माझ्याकडे."

"मोठं मन रे तुझं," स्टॅन म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

लेसनं घरी जाऊन नोरीनला खरं सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती. ती आधी भांड्यांच्या कपाटाला टेकून हसली, मग खुर्चीवर बसून हसली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "तुझा चेहरा पडलाय रे. खरंच लागलं का तुला?"

"लागायचं काय त्यात. सोमवारी जातो आणि घेऊन येतो."

"ती देईल?"

"न द्यायला काय झालं? कॅफेवाली बाई ती. भिंतीला टांगायला काहीतरी हवं असणार. तिला चकचकीत काहीतरी देतो बदल्यात."

ब्रायनी स्टॅकच्या कॅफेत तो एकदाच गेला होता. जुन्या बँकेच्या इमारतीत होता तो. गल्ल्यामागच्या भिंतीवर दोघांनी ओढायची एक लांब करवत लावलेली होती आणि तिच्या पात्यावर मेंढ्या रंगवलेल्या होत्या. लेसनं भिंतीकडे पाठ करून चहा प्यायला होता आणि परत पाऊल टाकलं नव्हतं. लोखंडावर मेंढ्या काढणाऱ्या माणसाला जॅकमधलं काय कळणार? त्याच्या डोळ्यांसमोर गसचा जॅक निळ्या रंगात उभा राहिला, डोक्यावर जिरॅनियमची कुंडी घेऊन. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, हेही सांगायला हवं.

सोमवारी कॅफे बंद असतो. लेसनं दुधावरची साय काढायचं जुनं पितळी यंत्र घासूनपुसून पिकअपमध्ये चढवलं आणि तो स्टेशन रोडवरच्या तिच्या घराशी गेला. मनात काही धाकधूक नव्हती. चहा होईल, दोन शब्द होतील, पितळ बघून बाई विरघळेल, की जॅक गाडीत.

कडबाकुट्टी अंगणात आडवी पडली होती. जॅक तिच्याखाली नव्हता.

तो घराच्या कोपऱ्याखाली होता. चाळिशीची एक बाई, अंगात ढगळा डांगरीचा पोशाख, गुडघ्यांवर बसून पहार फिरवत होती. थोडी फिरवली, थांबली. कान देऊन ऐकलं. मग उठून घरात गेली, आतलं एक दार उघडून लावून बघितलं, बाहेर आली आणि परत बसली.

लेस फाटकापाशीच थांबला. घराचा तो कोपरा वीतभर खचलेला होता, ते त्यानं एका नजरेत ओळखलं. मग तो चूक शोधायला लागला. जॅकच्या बुडाखाली जाड फळी होती. शेजारी ओंडक्यांचा टेकू रचलेला होता, एकावर एक, आडवे-उभे, अगदी रचतात तसा. तुळई आणि जॅकच्या मध्ये पोलादी पट्टी होती. चूक सापडेना, आणि त्याला उगाचच राग आला.

"कुणी शिकवलं?" त्यानं फाटकातूनच विचारलं.

बाई दचकली नाही. "कुणी नाही. चार जणांना विचारलं आणि मी खूप घाबरले. घाबरले म्हणून हळू करतेय."

"घाबर, घाबर. मला शिकवणारा म्हणायचा, ज्या दिवशी घराची भीती वाटणार नाही त्या दिवशी घरी बसायचं."

"तुम्ही मिस्टर टीडमन ना?"

"लेस."

"मी तुम्हाला फोन केला होता, लेस. ईस्टरच्या सुमारास. सगळं गाव म्हणालं, घर उचलायचं तर लेस टीडमनला विचार. तुम्ही म्हणालात, मी आता काम करत नाही. मी म्हटलं, मग जॅक तरी द्या चार दिवस. तर तुम्ही म्हणालात, माझी अवजारं शेडबाहेर जात नाहीत. आणि फोन ठेवला."

लेसला तो फोन आठवेना. पण वाक्य त्याचंच होतं, यात शंका नव्हती. असं तो सगळ्यांनाच सांगायचा, आणि वर त्याचा अभिमान बाळगायचा.

"म्हणून लिलावात हा दिसला, तेव्हा म्हटलं सोडायचा नाही," ब्रायनी म्हणाली. "ती कडबाकुट्टी मला नकोच होती. तुम्हाला हवी तर घेऊन जा, माझं अंगण मोकळं होईल."

"मला वाटलं, टांगायला घेतला असशील. त्या मेंढ्यांच्या करवतीशेजारी."

"त्या मेंढ्या माझ्या आईनं काढल्यात." तिनं पहार खाली ठेवली. "मलाही नाही आवडत. पण आई दर रविवारी येते जेवायला. काय करता?"

लेसच्याही घरी सासूनं विणलेलं एक भयंकर गालिच्यासारखं काहीतरी सोफ्यावर पसरलेलं होतं.

ब्रायनी जॅककडे वळली. डोक्याच्या पोलादी कड्यावर ठशांनी उठवलेली अक्षरं होती. तिनं त्यांवरचं तेल बोटानं पुसलं. "जी. एम. कोण ते माहीत नाही. पण खाली एल. टी. आहे. हे काल रात्री दिसलं मला, आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय. लिलावात सगळे म्हणत होते, लेसनं स्वतःहून ठेवला. जो माणूस चार दिवस उसना देत नाही, तो विकायला ठेवतो?" ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "चुकून राहिला असेल तर तसं सांगा. मी टेकू घट्ट करते, हा काढते आणि तुमच्या गाडीत ठेवते. मला तुमची वस्तू अशी नको."

नुसतं एक 'हो' म्हणायचं होतं. याच्यासाठीच तर तो आला होता.

"विसरलो," लेस म्हणाला. "ऑल्गानं केक दिला, आणि मी विसरलो."

बोलून झाल्यावर जमीन काही दुभंगली नाही. ब्रायनी हसलीही नाही. तिनं मान डोलावली आणि टेकूसाठी आणखी एक ओंडका ओढायला लागली.

लेस कण्हत, शिव्या देत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं जॅकवर हात ठेवला. शेडमधल्या फळीवर असताना या जॅकला फक्त स्वतःचंच वजन पेलायचं असायचं. आता त्याच्यावर अख्ख्या घराचा कोपरा होता, आतल्या भिंती, पलंग, स्वयंपाकघर, सगळ्यासकट, आणि तो हूं की चूं न करता ते पेलत होता. आपण याला किती वर्षं नुसतं तेल चोळत बसलो, असं लेसच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याला जॅकचा हेवाही वाटला.

"ठेव तो ओंडका," तो म्हणाला. "घर डोक्यावर असताना जॅक काढत नाहीत."

"मग कधी काढायचा?"

"सगळे खुंट बदलून झाले की. किती खराब आहेत?"

"निम्मे तरी."

"निम्मे म्हणजे सगळे. लोकांना निम्मेच दिसतात. आज आता पुरे, रात्रभर घराला या जागी रुळू दे. उद्या सकाळी मी येतो. आणि ती पहार आखूड आहे, माझ्याकडची आणतो. जड आहे, पण तिला नुसतं धरलं तरी फिरते."

पितळी यंत्र तसंच परत घरी आलं, आणि वर कडबाकुट्टी. नोरीन दारात उभी राहून पिकअपकडे बघत राहिली.

"जॅक आणायला गेला होतास ना?"

"तो कामावर आहे," लेस म्हणाला. "मीही उद्यापासून. डबा लागेल."

डब्यात दुसऱ्या दिवशी मटणाचं सँडविच होतं आणि लोणचं जरा जास्तच होतं.

पुढचे काही आठवडे लेस पालथ्या बादलीवर बसून सूचना देत असे. बादलीवर बसून सूचना द्यायच्या, खाली शिरायचं नाही, असं त्यानं नोरीनला कबूल केलं होतं. ते पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. शेडमधून आधी पहार बाहेर आली, मग वाकस, मग मोठा घण. ब्रायनीच्या हाताला घट्टे पडले आणि ती ते ओळखीपाळखीच्यांना दाखवत सुटली. शनिवारी पबमध्ये लेसनं स्वतःच सगळ्यांना जॅकची गोष्ट सांगितली, केकसकट, आणि सांगताना त्यात थोडी भरही घातली. स्टॅननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन तुकडे? मी ऐकलं तेव्हा तीन होते." तेवढ्यावरच त्यांचं मिटलं.

शेवटचा खुंट बसला त्या दिवशी घर खाली टेकवलं. आतली सगळी दारं एका बोटानं लागली. ब्रायनीनं जॅक पुसला, तेल लावलं, गोणपाटात गुंडाळला आणि दोघांनी... नाही, तिनं एकटीनंच तो उचलून लेसच्या पिकअपपाशी नेऊन ठेवला. लेसनं ते बघितलं. आता ती पाठ न वाकवता, पाय रोवून उचलत होती.

"काम झालं," ती म्हणाली. "आता हा घरी."

लेसनं गोणपाट सोडलं. खिशातून एक छोटी डबी काढली. तिच्यात पोलादी ठसे होते, एकेका अक्षराचे. मग पिकअपमधून घण घेतला.

"हे काय करताय?"

"धर त्याला, हलू देऊ नकोस."

"लेस, ती तुमच्या नावाची जागा आहे."

"माझं नाव कुठं जातंय? गसचं गेलं का? त्यानं माझी अक्षरं स्वतःच्या हातानं मारली, मी नको-नको म्हणत असताना. मला तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच भावनाविवश होतोय." त्यानं 'बी' आपल्या अक्षरांच्या खाली धरला, सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. "ठसा एका घावात उठला पाहिजे. हलक्या हातोडीनं दोनदा मारावं लागतं, आणि दोनदा मारलं की अक्षर फाटतं. म्हणून घण."

त्यानं घण फार उचललाही नाही, नुसता खाली येऊ दिला. मग 'एस' धरला आणि तसाच दुसरा घाव घातला. दोन्ही अक्षरं स्वच्छ उठली. लेसनं त्यांवर फुंकर मारली, अंगठा फिरवला, आणि त्याला हुंदका येतो की काय असं वाटलं म्हणून तो ठसे डबीत भरायला लागला.

ब्रायनीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मला कधी लागला, तर मागायला येईन," लेस डबीचं झाकण लावत म्हणाला.

"या की," ती म्हणाली. "पण तेल लावून परत आणून द्यायचा."

"देईन," लेस म्हणाला, आणि जॅक तिच्यापाशीच ठेवून, घण गाडीत टाकून निघाला.